अण्णा, तुमचा उंटाचा फोन अजून कानात आहे

अण्णा, नमस्कार.

फोनवर आभार मानले तर तुम्ही 'असू दे की मॅडम, एवढं काय त्यात' म्हणून विषय संपवलात. माझा काय संपेना, म्हणून आज लिहायला बसले. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहिताय, पण तुम्ही वाचलं की कळेल हे तुम्हालाच आहे.

आमची शाळा बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, पाऊस लागला की मैदानाचं तळं होतं आणि पोरं वर्गात कोंडून राहतात, म्हणून बुद्धिबळ सुरू केलं. सहा पट, सव्वीस पोरं. पोरं पटापट शिकली आणि मग प्रश्न सुरू झाले, बाई ह्या चालीला काय म्हणतात, बाई ह्याच्यापुढं काय खेळायचं. मला जेवढं येत होतं तेवढं पहिल्या दोन महिन्यांत संपलं. म्हणून सगळ्या ओपनिंग्ज, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, एका जागी पाहिजे होत्या, नावासकट, तेही शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेटशिवाय चालणारं, कारण आमच्याकडे वारं सुटलं की आधी लाईट जाते आणि मागनं रेंज.

त्यासाठी एका क्लासवाल्याला साडेतीन हजार रुपये दिले होते, ते तुम्हाला सांगितलं होतं. 'कम्प्लीट ओपनिंग्ज' म्हणून पेनड्राईव्ह दिला, निम्म्या फाईली उघडल्याच नाहीत, उघडल्या त्यात सिसिलियन तीनदा आणि स्लावचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाले, खेड्यातल्या शाळेच्या पोरांना एवढं खोल कशाला लागतंय मॅडम. पैशाचं दुःख झालं नाही एवढं त्या एका वाक्याचं झालं, अजून आठवलं की घशाशी येतं. त्याच्या आधी एकानं पोरांना पहिल्यांदा इंग्लिश शिकवा, मग चेस शिकवा असंही सांगून झालं होतं.

आणि मग तुम्ही भेटलात, बेळगावच्या स्पर्धेत, नातवाचा डाव संपायची वाट बघत बसलेले. माझं सगळं ऐकून पहिलं वाक्य काय बोललात तर 'ह्याला पैसे कशाला दिलात, हे फुकट आहे की.' बेलग्रेडहून १९७४ पासून निघालेल्या त्या ओपनिंगच्या कोशाचे पाच खंड, ए पासून ई पर्यंत, ए०० ते ई९९ असे बरोबर पाचशे कोड, हे मला पहिल्यांदा त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कळलं. बी२० ते बी९९ सगळं सिसिलियन, त्यात बी९० पासून नायडॉर्फ, सी६० पासून रुय लोपेझ. आणि लिचेस ह्या फुकट बुद्धिबळाच्या वेबसाईटवाल्यांनी ह्या कोडांसकट तीन हजारांच्या वर नावांची यादी सगळ्यांसाठी मोकळी ठेवलीय, कुणीही घ्यावी, कुणाची परवानगी नको. ती तुम्ही आमच्या कॉम्प्युटरवर बसेल अशी करून दिलीत. कशी केलीत ते मी इथं सांगत बसत नाही, मला धड सांगताही येणार नाही.

पण एक सांगते. सातवीतली एक पोरगी पहिली चाल सी४ खेळते, म्हणजे प्यादं सी४ ह्या घरात. जुना पेनड्राईव्ह त्या डावाला शेवटपर्यंत 'इंग्लिश ओपनिंग' म्हणायचा. तुमच्या फाईलीत पुढं काळ्याचा घोडा एफ६, पांढऱ्याचा घोडा सी३, मग ई६, डी४ आणि काळ्याचा उंट बी४ वर आला की नाव बदलून निम्झो-इंडियन येतं, कारण ती फाईल चालींचा क्रम नाही, पटावर मोहरे कुठं उभे आहेत ते बघते. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, बाई, वाट वेगळी पण गाव तेच. त्यावर 'इंडियन का म्हणतात' हा प्रश्न आलाच, आणि तुम्ही सांगितलेले कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी मी सांगितले, १८५० च्या दशकात कॉक्रेन नावाच्या साहेबासमोर घोडा एफ६, मग जी६ असं खेळणारे. वर्ग एकदम गप्प होता.

आता तो फोन. रात्री साडेनऊ झाले असतील, पाऊस एवढा की तुमचा आवाज तुटत होता. 'मॅडम, तुमच्यात बिशपला उंटच म्हणतात न्हवं?' मी होय म्हटलं. तुम्ही म्हणालात, 'आमच्या कानडीत पण ओंटेच. हत्तीला आने, घोड्याला कुदुरे. मग सोपं आहे.' आणि फोन ठेवलात. मला काही कळलं नाही. चार दिवसांनी पेनड्राईव्ह आला, उघडला तर इंग्लिश नावांच्या शेजारी एक नवीन रकाना, सगळी नावं मराठी अक्षरांत, आणि चालींमध्ये मोहऱ्यांच्या जागी घोडा, उंट, हत्ती, वजीर. मी हे मागितलंच नव्हतं अण्णा. पाचवीतलं पोरगं 'कारो-कान' असं बोट ठेवून स्वतः वाचत होतं आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

आपल्या भागात भाषा म्हटलं की लोकांचे आवाज चढतात, पाटी कुठल्या भाषेत ह्यावरनं गल्लीत माणसं उभी राहतात. आणि तुम्ही कानडी घरातले, मराठी लिहायची सवय नाही, आमच्या पोरांसाठी रात्री जागून एकेक अक्षर शोधत बसलात. अशी माणसं गावोगाव असतात, देवळाच्या पायरीवर म्हाताऱ्याला हात देणारी, एसटी थांबवून धरणारी, त्यांचं कुठं छापून येत नाही म्हणून मी हे सगळ्यांना दिसेल असं लिहितेय.

उंट तुम्ही सगळीकडे दीर्घ काढून 'ऊंट' असा लिहिलाय. मी मराठीची बाई, दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली नसती. तसाच ठेवलाय. पोरांनाही सांगितलंय, ह्या फाईलीतला उंट असाच लिहायचा.

पाऊस ओसरला की नातवाला घेऊन या. वहिनींना पण. पोरं 'कुदुरे, ओंटे, आने' पाठ करून बसलीत.

तुमची,
खानापूरकडची बाई