मुग्धाचं दूध

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय सुलू,

दिवाळीनंतर पत्र नाही, फोनही नाही. रागावली असशील, माहीत आहे. माझं बीपी ठीक, ह्यांचा खोकला गेला. आता मुद्द्याचं, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

काल सकाळी मुग्धानं वाटीत थोडं दूध काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "आई, बघा ना, निळसर पाणीच आहे." मागे मोठ्या जाऊबाई उभ्या. "हिच्या दुधात कस नाही" हे त्या बारशापासून म्हणतायत. बाळाला आता तिसरा महिना सरतोय. संध्याकाळी रोहननं पावडरचा डबा आणून ओट्यावर ठेवला. अजून फोडला नाहीये, पण तो बघितला आणि मला चिन्मयच्या वेळची तू आठवलीस. तुझं ते गप्प बसणं. रात्रभर डोळा लागला नाही.

पातळ दिसतं म्हणजे दूध बिघडलं असं नाही, हे तुला मी काय सांगायचं! वाटीत आलं ते सुरुवातीचं, कमी स्निग्धांशाचं. दाट दूध शेवटी उतरतं. आणि प्रथिनं तर उतरायलाच हवीत. सुरुवातीच्या काळात लिटरला साधारण 14 ते 16 ग्रॅम, तीन-चार महिन्यांनी 8 ते 10, सहा महिन्यांच्या सुमाराला 7-8. चिकात आयजीए ही प्रतिपिंडं आणि लॅक्टोफेरिन हे जंतूंना रोखणारं प्रथिन यांचा भर असतो, कारण नुकत्या जन्मलेल्या जिवाला आधी संरक्षण हवं. पुढे वजनाच्या मानानं वाढीचा वेग मंदावतो, तसं दूधही बदलतं. व्हे (दूध फाटल्यावर पाण्यात राहणारी प्रथिनं) आणि केसीन (चोथ्यात जाणारी) यांच्या प्रमाणाचंही तसंच. सुरुवातीला व्हे 80-90 टक्के, मग 60-40, उशिरा निम्मं-निम्मं. गाईच्या दुधात 80 टक्के केसीनच.

(कमाटीबागेतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचं, त्या गाईच्या दुधातल्या प्रथिनाचं, भांडण आठवतं? आईच्या दुधात ते नसतंच, सुलू. अजूनही मान्य करायला हरकत नाही. भेळेचे पैसे माफ.)

आणि सगळंच उतरतं असंही नाही. जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम महिने सरतील तसं वाढतं. केसीनचा वाटा वाढतो म्हणते, तेही नुसतं येत नाही. दुधातलं प्लाझ्मिन नावाचं विकर स्तनातच प्रथिनं तोडायला लागतं, बाळाच्या पोटात पोचायच्या आधी. त्यातून शेकडो पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, होतात, बरीचशी बीटा-केसीनची, आणि त्यातली काही जंतूंना रोखतात. एवढं सगळं त्या वाटीत होतं गं. जाऊबाईंना दिसला फक्त रंग.

बाळाचं वजन डॉक्टरांच्या तक्त्यावर व्यवस्थित चढतंय. लंगोट भरपूर ओले होतात. सहा महिने फक्त आईचं दूध, हे डब्ल्यूएचओही सांगतं. पण मुग्धा ऐकून ऐकून खचलीय. अळिवाचे लाडू खाते आणि रडते. मला भीती एवढीच, की एकदा बाटली सुरू झाली की बाळ कमी ओढेल, मग दूध खरंच कमी होईल, आणि सगळे म्हणतील "बघा, आम्ही म्हणत होतो." तुझ्या बाबतीत हेच झालं. मी तेव्हा मुंबईत होते, तुझ्याजवळ नव्हते.

तुझा गुडघा कसा आहे? फिजिओथेरपी सोडू नकोस. चिन्मयच्या फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं का? नंदूला आशीर्वाद.

मी सांगितलं तर ते सासूचं बोलणं होतं. तू मुग्धाला फोन कर. आकडे नकोत, तुझ्यावर काय गुजरलं ते सांग, तेवढं बळ तुझ्या बोलण्यात आहे. दुपारी तीननंतर कर, बाळ झोपलेलं असतं आणि जाऊबाई भजनाला गेलेल्या असतात.

तुझी,
माधुरी