पाठ न कापणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

माझी गिटार दुरुस्त केलीत म्हणून पत्र तुम्हालाच आहे, पण सेमी-हॉलो (अर्धी पोकळ इलेक्ट्रिक) गिटार बाळगणाऱ्या सगळ्यांच्या नजरेस पडावं म्हणून जाहीर लिहितोय. घूं-घूं गेली, खरखर गेली, आणि मुख्य म्हणजे गिटारची पाठ शाबूत आहे.

आधीच्या दुकानाचं नाव घेत नाही. त्यांचं निदान असं: पिकअप (तारांची थरथर पकडणारी चुंबकी वेटोळी) गेलेत, जोडी बदला, आणि वायरिंगला हात पोचत नाही म्हणून मागून एक झाकण कापू. अहो, गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ ही सेमी-हॉलो गिटार आणली, तेव्हापासून या घराण्याच्या गिटारींचं पोट एफ-होलमधूनच, म्हणजे पुढच्या फळीवरच्या f आकाराच्या भोकांतूनच उपसतात! हे ज्याला ठाऊक नाही त्याने करवत हातात घेऊच नये.

तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्याही आधी मीटर काढलात. केबल जॅकमध्ये, व्हॉल्यूम पूर्ण उघडे, स्विच एकेका पिकअपवर, आणि मोजणी केबलच्या मोकळ्या टोकाला. दोन्हीकडे पावणेआठ किलोओहमच्या आसपास, म्हणजे हंबकर (दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप) ठणठणीत. मग तारांवर बोट ठेवलंत तर घूं-घूं तशीच, जॅकच्या धातूला लावलंत तर लगेच कमी. दोष त्यावरूनच सापडला: तारांना अर्थिंग देणारी बारीक वायर तुटलेली; ती टेलपीसच्या (तारांची टोकं धरणाऱ्या पट्टीच्या) बुशिंगखाली, म्हणजे लाकडात बसवलेल्या धातूच्या नळीखाली दाबलेली असते. बुशिंगच्या भोकात लोखंडी सळईचा तुकडा टाकून वरून स्टड (त्यात बसणारा जाड स्क्रू) आवळत गेलात आणि बुशिंग आपसूक वर आलं. पक्कड नाही, ठोकाठोकी नाही, लॅकरला ओरखडा नाही.

खरखर करणारे पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते भाग, काढतानाही तेच. एफ-होलच्या कडेला आधी मास्किंग टेप, प्रत्येक दांड्याला दोरा, मगच पॉट आत ढकलायचा. दोरा बाहेर राहिला की परत येताना पॉट आपल्या भोकाशी बरोबर ओढला जातो. नाहीतर तासभर आरसा आणि वाकडी तार घेऊन चाचपडत बसा.

हे झालं कौशल्य. मी विसरणार नाही तो पुठ्ठा.

नवं वायरिंग गिटारबाहेर जोडायचं तर पॉटमधली अंतरं नेमकी हवीत. वायर आखूड पडली की शेवटचा पॉट जागेवर बसत नाही, लांब ठेवली की आत लाकडाला लागून खडखडते. म्हणून तुम्ही चार भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर पॉट बसवून सगळे सोल्डरचे डाग दिलेत. काम संपल्यावर असा पुठ्ठा केराच्या टोपलीत जातो. तुम्ही त्यावर पेन्सिलीने लिहिलंत: कुठला व्हॉल्यूम, कुठला टोन, पॉट ५०० किलोओहम, कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड, अर्थिंगची वायर कुठून कुठे, आणि कुठला पॉट आधी आत सोडायचा त्याचे १ ते ४ आकडे. आणि कोणी न मागता तो केसच्या खिशात सरकवलात. उद्या ही गिटार दुसऱ्या कुणी उघडली, तर त्याला सगळं आयतं मिळेल. गिऱ्हाईक आपल्याच दारात यावं म्हणून वायरिंगवर गोंद ओतणारेही याच धंद्यात आहेत. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जुनी वाद्यं वाजती राहतात.

केस आता कपाटात असते, आत सिलिका जेल आणि आर्द्रतेचा काटा. पावसाळ्यात काटा ५५च्या वर चढला की पुड्या बदलतो, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

दिवाळीनंतर ०.०११ इंची फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या) तारा लावायला आणतो. तिसरी तार गुंडाळीची घ्यायची की साधी, ते मात्र तुम्हीच ठरवा. साधी घेतली तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवावं लागेल, आणि तिथे आता फारशी जागा उरलेली नाही.

आपला,
एक गिऱ्हाईक