कोथिंबिरीचं एवढं काय घेऊन बसलीस!

नाशिक, ९ ऑक्टोबर

प्रिय सुमे,

कुंडीत कोथिंबीर काही येतच नाही हा तुझा मेसेज वाचला, रिकाम्या कुंडीचा फोटोही बघितला आणि खूप हसले, सॉरी. मोबाईलवर टाइप करत बसले तर बोटं मोडतील, म्हणून लॅपटॉप उघडून सरळ पत्रच लिहितेय, चहा घेऊन बस.

आधी ते नर्सरीतून आणलेलं रोप विसर. कोथिंबिरीचं रोप कोणी विकत आणतं का गं! तिचं सोटमूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की ती रुसते आणि पानं द्यायची सोडून फुलोऱ्यावर येते. मिरची-वांगी खुशाल इकडची तिकडे लाव, ही मात्र जिथे पेरली तिथेच वाढवायची.

धने किराणा दुकानातले चालतात, फक्त बरणीच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेले नकोत, जरा हिरवट झाक असलेले आणि चोळल्यावर वास येणारे बघून घे. एका धन्यात दोन बिया असतात, अख्खा पेरलास तरी उगवतो पण रडतखडत, म्हणून रगडायचे. आई फरशीवर पसरून चपलेने रगडायची, मी पोळपाटावर लाटणं फिरवते, हलक्या हाताने, नुसत्या दोन डाळी सुट्या व्हायला हव्यात. भुगा झाला तर तो मसाल्याच्या डब्यात, कुंडीत नाही. मग रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पेर.

कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट हवी. आठ इंच खोली पुरे, मी तर फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका वापरते, खाली भोकं पाडून. निम्मी माती, उरलेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. बोटाने चार-चार इंचांवर रेघा ओढायच्या, धने जरा दाटच टाकायचे, वर सेंटीमीटरभर माती, आणि झारीने पाणी. मगाने ओतलंस तर सगळे धने एका कोपऱ्यात जाऊन बसतात. वर ओलं गोणपाट टाक, ओलही राहते आणि कबुतरांचा त्रास पण नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, सुमे. माती उकरून बघू नकोस!! मला माहितीये तू बघतेस. मेथी चार-पाच दिवसांत वर येते म्हणून आपल्याला वाटतं हिचंही तसंच, पण हिला आठ-दहा दिवस लागतात, थंडीत पंधराही. एक दिवस सकाळी गोणपाट उचलशील तर पांढरट दांड्यांवर दोन लांबट पानं, गवतासारखी, आणि काहींच्या टोकाला धन्याचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. ही कोथिंबीर नाहीच असं वाटेल, उपटू नको, कातरलेली पानं नंतर येतात. गोणपाट मात्र त्याच दिवशी काढ, नाहीतर पिवळी पडून लोळतात.

तुझ्या क्वार्टरच्या मागच्या जागेचं म्हणशील तर नागपूरची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे त्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळून वाफा जरा उंच कर. आत्ता ऑक्टोबर आहे, याहून चांगला मुहूर्त नाही, फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडे बहार असते, उगाच नाही तुमची सांबारवडी (तुमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात ना!) थंडीतच होत. एप्रिल-मे मात्र विसर, तुमच्या त्या ४५ डिग्रीत हिरवी नेट बांधली तरी ती चार पानं देऊन तुरा काढणार. पावसाळ्यातही कोवळी रोपं बुडाशी कुजतात, कुंडी छपराखाली ओढावी लागते. म्हणून तर पावसाळ्यात जुडीचा भाव असा चढतो! इथे मार्केटात लिलाव शेकड्यावर होतो, शंभर जुड्यांचा भाव, आणि जोराच्या पावसानंतर जो आकडा ऐकू येतो ना, बापरे. आणि आवक वाढली की तीच जुडी कवडीमोल, शेतकऱ्याचा काढणीचा खर्चही निघत नाही. आपण भाजीवाल्याकडे फुकट मागतो ती हीच.

पाच-सहा आठवड्यांत वीतभर होईल. उपटायची नाही, बाहेरच्या काड्या कात्रीने काप, मधला कोंब ठेव. दोनदा, फार तर तीनदा निघते, मग संपली. लोक इथेच चुकतात, एकच कुंडी वर्षभर पुरेल म्हणून तिची सेवा करत बसतात. अगं ती तुळस नाही! दर पंधरा दिवसांनी नवीन खोका पेरायचा, एक उगवतोय, एक कापतोय, एक संपतोय. आणि खरं सांगू, कुंडीतल्या कोथिंबिरीच्या वड्या होत नाहीत, त्याला जुडीच लागते, आपलं घरचं पोह्यांवर, आमटीवर, चटणीला.

मधूनच पानं शेपूसारखी बारीक यायला लागली की समज फुलोरा येतोय. तो थांबत नाही, खुडून काही उपयोग नाही. वाफ्यातली दोन-तीन रोपं तशीच सोड. पांढरी-गुलाबीसर छत्री येते, नीट बघ, कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या असतात आणि आतल्या इवल्याशा. मधमाश्या येतात, मग हिरवे धने धरतात, ते कोवळेच खुडून हिरव्या मिरचीच्या ठेच्यात घाल आणि मला फोन कर, दुकानात तसला वास मिळतच नाही. उरलेले वाळले की पुढच्या पेरणीला.

पानांवर मावा, म्हणजे ती बारीक कीड, आला तर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, बाकी औषधं नकोत, आपण ती कच्ची खातो.

सासूबाईंना नमस्कार सांग. आणि पुदिना वेगळ्याच कुंडीत लाव हां, तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

तुझीच,
नंदी