अनोळखी कारागिरांचे मनःपूर्वक आभार

माझ्या फेरफार केलेल्या स्पोर्ट्स कारची पीयूसी चाचणी कार्बन मोनॉक्साइडवर अडकली होती, मर्यादा ०.३ टक्के आणि आकडा कितीतरी वर. जो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग, बदलण्याचा (अर्थातच महागडा) सल्ला देत असताना, साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतील दोघा कारागिरांनी थंड इंजिनावर एक्झॉस्टमध्ये हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडले, तेव्हा नव्या हेडरच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या कडेवर, काजळीच्या बारीक रेघेपाशी, बुडबुडे उमटले. इंजिन चालू असताना तेथून आत शिरणाऱ्या हवेमुळे ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा भास होई आणि ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) नाहक पेट्रोल वाढवी, म्हणून कार्बन मोनॉक्साइड वाढे, हे त्यांनी ज्या सबुरीने समजावून दिले, तिचे मोल मला दुरुस्तीहूनही अधिक वाटते. त्या सांध्यातील गॅस्केट (गळती रोखणारी चकती) बदलताच गाडी चाचणीत उत्तीर्ण झाली. नावही न सांगणाऱ्या त्या दोघांचा मी ऋणी आहे.