‘चित्रपटाचे संगीत’ एवढ्या टिपेवर भागत नाही

महोदय,

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८च्या चित्रपटाच्या सुरुवातीला घुमणारे संगीत हवे, म्हणून एक वाचक आमच्या ग्रंथालयात आले. कॅटलॉगमध्ये चित्रपटाचे नाव टाकल्यावर एक सीडी निघाली. ती घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. म्हणाले, ‘अहो, यातले काहीच चित्रपटात नाही!’

खरेच नव्हते. ते संगीत ॲलेक्स नॉर्थ यांचे. रचले याच चित्रपटासाठी, पण दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी ते बाजूला ठेवून आधीच्याच प्रसिद्ध रचना वापरल्या. नॉर्थ यांच्या संगीताचे ध्वनिमुद्रण थेट १९९३ मध्ये निघाले. वाचकांना हवी होती ती रिचर्ड स्ट्रॉस यांची १८९६ची रचना. तीही आमच्याकडे होती, पण नोंदीत चित्रपटाचे नावसुद्धा नाही. नॉर्थ यांच्या सीडीला मात्र ‘चित्रपटाचे संगीत’ अशी टीप. ती मीच लिहिलेली, हे मी त्यांना सांगितले नाही.

चित्रपटाची मुख्य नोंद शीर्षकाने होते, संगीताची संगीतकाराच्या नावाने. त्यामुळे दोघांची गाठ घालून द्यावी लागते. आपण कॅटलॉगच्या नोंदी करणारे तालिकाकार ५०० क्रमांकाच्या क्षेत्रात, म्हणजे नोंदीतल्या सर्वसाधारण टिपांच्या रकान्यात, एक टीप टाकून मोकळे होतो. टीप वाचता येते, तिच्यावरून पलीकडच्या नोंदीवर जाता येत नाही. ‘मार्क २१’ या संगणकीय नोंदींच्या आराखड्यात सोय आहे: संगीताच्या नोंदीत ७३० खाली चित्रपटाचे शीर्षक, चित्रपटाच्या नोंदीत ७०० खाली संगीतकार आणि रचना, आणि दोन्हीकडे ‘आय’ उपक्षेत्रात, म्हणजे त्या क्षेत्रातल्या छोट्या रकान्यात, नाते काय ते शब्दांत. २०१० मध्ये आलेल्या ‘आरडीए’ या नोंदी करण्याच्या नियमांनी नात्यांची शब्दसूचीही दिली. ते उपक्षेत्र बहुतेक वेळा रिकामेच राहते.

आणि नाती एका साच्यातली नसतात. प्रोकोफिएव्ह यांनी १९३८च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ला संगीत दिले आणि पुढच्या वर्षी त्यातूनच मैफलीसाठी कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, बांधला. कँटाटाची सीडी म्हणजे चित्रपटाचा साउंडट्रॅक नव्हे. मूकपटांत तर आणखी गुंता. ‘मेट्रोपोलिस’ला १९२७ मध्ये गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांचे संगीत होते, १९८४च्या आवृत्तीला जॉर्जिओ मोरोडर यांचे. इथे संगीताचे नाते चित्रपटाच्या त्या त्या आवृत्तीशी जोडायला हवे, नाहीतर हुपर्ट्झ ऐकायला आलेल्याच्या हाती मोरोडर पडेल.

हे सारे करायला वेळ कुठे आहे, असे सहकारी म्हणतात. जुन्या सगळ्या नोंदी उकराव्यात असे मीही म्हणत नाही. नवी सीडी हातात असते, वेष्टनावर सगळे छापलेले असते. तेव्हा आणखी एक ओळ भरायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

नॉर्थ यांच्या सीडीची नोंद मी आता दुरुस्त केली आहे: ‘चित्रपटासाठी रचलेले, चित्रपटात न वापरलेले संगीत’. स्ट्रॉस यांच्या नोंदीलाही चित्रपट जोडला आहे. ते वाचक अजून परत आलेले नाहीत.

– एक तालिकाकार