रविवारची बैठक : ‘हॅरो काउंटी’, पहिला खंड

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, गणपती मंदिराच्या बाजूला जमायचं आहे.

कलन बन यांचं लेखन, टायलर क्रुक यांची चित्रं. डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशन संस्थेची २०१५ साली सुरू झालेली भयकथेची कॉमिक्स मालिका. अमेरिकेच्या दक्षिणेतलं शेतकऱ्यांचं गाव, गावाने मारलेली चेटकीण आणि रानात वावरणारी भुतं. जलरंगातली ती रानं घाईने उलटू नका. खरी भीती तिथेच आहे. कोकणातल्या वेताळ-देवचाराच्या ऐकलेल्या गोष्टी अवश्य आणा, त्यांच्याशी ताडून बघू.

– वाचूनच या. पुढच्या खंडांतलं कथानक फोडू नये.
– चोरट्या पीडीएफ गटात टाकू नका. प्रत नसेल त्यांनी लगेच कळवावं, आळीपाळीने देऊ.
– चित्रं रक्तरंजित आहेत, लहान मुलांना आणू नये.