‘बेपत्ता झालेले’ नव्हे, ‘बेपत्ता केलेले’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेपाळमधल्या माओवादी संघर्षावरच्या आपल्या लेखात ‘बेपत्ता झालेल्यांचे नातेवाईक’ असे शब्द आले आहेत. त्या नातेवाइकांना नेमके हेच शब्द नको आहेत. ते म्हणतात, ‘बेपत्ता पारिएका’. म्हणजे बेपत्ता केलेले. जत्रेत चुकलेलं माणूस बेपत्ता होतं. अंगणातून डोळ्यांवर पट्टी बांधून नेलेल्याला कुणीतरी बेपत्ता केलेलं असतं, आणि ते कुणी केलं एवढंच तर ही माणसं वीसहून जास्त वर्षं विचारत आहेत.

आमच्या सोसायटीचे रखवालदार नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले. २००२ मध्ये सतराव्या वर्षी ते पुण्यात आले. रात्री माओवादी येऊन जेवण मागायचे आणि सकाळी लष्कर ‘जेवू का घातलं’ म्हणून मारायचं, असं ते सांगतात. वर ‘घरटी एक माणूस द्या’ हा माओवाद्यांचा तगादा होताच. आईनेच त्यांना रातोरात सीमेपार धाडलं. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना ‘बहादूर’ म्हणत आलो. ते त्यांचं नाव नाही, हे मलाही फार उशिरा कळलं, याची खंत वाटते.

१९९६ ते २००६ या दहा वर्षांत नेपाळमध्ये सुमारे १७ हजार माणसं मारली गेली आणि तेराशेहून अधिक जणांचा अजून ठावठिकाणा नाही. बर्दिया जिल्ह्याचंच पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २००८ मध्ये तिथल्या १७० प्रकरणांचा अहवाल दिला. त्यातली १५६ माणसं सुरक्षा दलांनी नेलेली, १४ माओवाद्यांनी. बहुतेक थारू समाजातली, दुसऱ्याच्या शेतात राबणारी. त्यांच्या बायकांनी कुंकू लावावं की पुसावं, हेही त्यांना कुणी सांगू शकलं नाही. खुद्द काठमांडूत, महाराजगंजच्या लष्करी बराकीत २००३ मध्ये ठेवलेल्या ४९ जणांचं काय झालं, याचंही उत्तर मिळालेलं नाही.

नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारात दोन्ही बाजूंनी लिहून दिलं होतं की बेपत्ता केलेल्यांची माहिती ६० दिवसांत जाहीर करू. चौकशीचे दोन आयोग नेमायलाच २०१५ उजाडलं. सत्यनिरूपण आयोगाकडे ६० हजारांहून अधिक तक्रारी आल्या, बेपत्ता व्यक्तींच्या आयोगाकडे तीन हजारांच्या आसपास. मुदतवाढी मिळत गेल्या, अध्यक्ष बदलले, तक्रारी गठ्ठ्यांतच राहिल्या. हे आळसामुळे झालं असं मला वाटत नाही. बंदूक घेतलेले पुढारी पंतप्रधान झाले, लष्कर आपल्या जागी राहिलं, आणि जुनं उकरून काढणं दोघांनाही परवडणारं नव्हतं.

न्यायालयाने मात्र पाठ फिरवली नाही. गंभीर गुन्ह्यांना माफी देऊ पाहणारी, या आयोगांच्या कायद्यातली कलमं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. लष्कराच्या ताब्यात छळाने मेलेल्या १५ वर्षांच्या मैना सुनुवारच्या खटल्यात काभ्रे जिल्हा न्यायालयाने २०१७ मध्ये तीन अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. पण खटला चालला तो आरोपींच्या गैरहजेरीत.

मला सर्वात जास्त छळतं ते बलात्कार सोसलेल्या बायकांचं. त्या काळच्या कायद्यानुसार बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत करावी लागे. आजूबाजूला युद्ध, चौकीत बसलेला त्याच गणवेशातला माणूस, आणि मुदत ३५ दिवस! पुढे सरकारने मृतांच्या आणि बेपत्ता केलेल्यांच्या कुटुंबांना अंतरिम मदत दिली, तिच्यातूनही या बायका वगळल्या गेल्या. ६० हजारांवर तक्रारींत लैंगिक अत्याचाराच्या तीनशेच्या आसपासच आहेत. हा आकडा पाहून ‘असे प्रकार थोडेच घडले’ असं कृपया कुणी म्हणू नये. बोलायची सोयच ठेवली नव्हती.

ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगांचा कायदा दुरुस्त झाला, विशेष न्यायालयाची तरतूद आली. पण त्यातच शिक्षेत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मागण्याची वाटही ठेवली आहे. २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही आयोगांवर नवे आयुक्त नेमले, तेही अनेक पीडितांच्या संघटनांचा विरोध डावलून. त्यानंतर सप्टेंबरमध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं, गोळीबारात मुलं मेली, सर्वोच्च न्यायालयाची इमारतही जळाली. त्या गोळीबाराची चौकशी व्हायलाच हवी. पण तिच्या गडबडीत बर्दियाच्या बायकांचा अर्ज पुन्हा सर्वांत खाली जाईल, अशी मला धास्ती वाटते.

आपल्या वर्तमानपत्राला दोन विनंत्या आहेत. पुढच्या वेळी आपला प्रतिनिधी काठमांडूला गेला, तर त्याला बर्दियालाही पाठवा. आणि तिथून येणाऱ्या बातमीत ‘बेपत्ता केलेले’ असंच छापा.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे